घरासाठी जनित्र : गरज, हिशेब आणि जबाबदारी

अन्न, वस्त्र आणि निवारा या मूलभूत गरजांच्या पंक्तीत वीज केव्हा येऊन बसली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ती गेल्यावर मात्र तिचे स्थान कळते. पंखा थांबतो, गच्चीवरील टाकीतले पाणी संपते, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. आणि घरात प्राणवायूच्या यंत्रावर अवलंबून असलेला रुग्ण असेल, तर पुढचे प्रत्येक मिनिट मोजावे लागते. अशी एखादी रात्र काढल्यावर गृहस्थ सकाळीच बाजार गाठतो आणि दुकानदार जे पुढे करील ते जनित्र घेऊन येतो. घाईत घेतलेले कर्ज आणि घाईत घेतलेले यंत्र, दोन्ही पुढे दीर्घकाळ जाच देतात.

घरगुती जनित्राची निवड हा प्रथम गरजेचा, नंतर हिशेबाचा आणि शेवटी जबाबदारीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा याच क्रमाने विचार केला आहे.

खंडित पुरवठ्याचे दोन प्रकार

दि. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे उत्तर भारताचे वीजजाळे कोलमडले. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी बंद पडली आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेविना राहिला. दि. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व परिसराचा पुरवठा खंडित झाला आणि उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. या घटना देशभर गाजल्या; परंतु वीज बहुतेक ठिकाणी काही तासांत परत आली.

याउलट दि. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ आणि दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांबच आडवे झाले. वीजकेंद्रात वीज होती, पण ती घरापर्यंत आणणारी वाटच उरली नव्हती. अनेक गावांना पुरवठा पूर्ववत होण्यासाठी कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे वाट पाहावी लागली.

निवडीचा पहिला धडा या दोन प्रकारांतील फरकात आहे. वीज महिन्यातून किती वेळा जाते, यापेक्षा ती एका वेळी किती तास जाते, हे अधिक महत्त्वाचे आहे. एक ते चार तासांच्या खंडाला साठवलेली वीज, म्हणजेच बॅटरी, पुरेशी असते. बॅटरी मात्र वीज निर्माण करीत नाही. ती रिकामी झाली की पुन्हा भरण्यासाठी वीजच लागते. म्हणून खंड दिवसांवर गेला की इंधनावर चालणारे जनित्र किंवा सूर्यप्रकाश यांवाचून गत्यंतर नसते. आपल्या भागातील गेल्या दोन-तीन वर्षांचा अनुभव कागदावर मांडला, तरी निम्मा निर्णय तेथेच होतो.

भाराचा हिशेब

दुसरी पायरी म्हणजे घरातील उपकरणांची यादी. तिचे तीन भाग करावेत : जे थांबून चालणारच नाही, जे काही काळ थांबले तरी चालेल, आणि जे वीज परत येईपर्यंत विसरून जावे. एका चौकोनी कुटुंबाचे उदाहरण घेऊ.

छताचे पंखे ३, प्रत्येकी ७५ वॉट : २२५ वॉट
एलईडी दिवे ५, प्रत्येकी १२ वॉट : ६० वॉट
दूरदर्शन संच : १०० वॉट
राउटर आणि मोबाइलचे चार्जर : ३५ वॉट
एकूण : ४२० वॉट

यात चालू स्थितीतील फ्रीजचे सुमारे २०० वॉट मिळविल्यास भार ६२० वॉट होतो. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना साधारण १,००० वॉट घेतो. तो धरल्यास बेरीज १,६२० वॉटवर जाते. गिझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र ही तिसऱ्या यादीतील मंडळी होत. एकटा गिझर दोन हजार वॉट खातो. त्याच्यासाठी जनित्राचा आकार वाढविणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी नवी खोली बांधण्यासारखे आहे.

अनेक ग्राहक येथवर हिशेब करतात आणि फसतात. मोटर असलेले उपकरण सुरू होण्याच्या क्षणी आपल्या नेहमीच्या भाराच्या तीन ते पाच पट, क्वचित त्याहूनही अधिक वीज ओढते. १,००० वॉटचा पंप सुरू होताना क्षणभर तीन हजार वॉट वा त्याहून अधिक मागतो. फ्रीजचेही तसेच. चालू भारापुरतेच घेतलेले जनित्र त्या क्षणी गुदमरते आणि बंद पडते. म्हणून सर्वांत मोठ्या मोटरीचा सुरुवातीचा भार आणि त्या वेळी चालू असलेल्या इतर उपकरणांचा भार, यांची बेरीज जनित्राच्या कमाल क्षमतेच्या आत बसली पाहिजे.

दुसरी गफलत एककांची. जनित्राची क्षमता ‘केव्हीए’मध्ये लिहिलेली असते, तर उपकरणांचा भार वॉटमध्ये. सर्वसाधारणपणे केव्हीएला ०.८ ने गुणले की किलोवॉट मिळतात. म्हणजे २ केव्हीएचे जनित्र १,६०० वॉटचे आणि ५ केव्हीएचे जनित्र ४,००० वॉटचे. त्यातही सततचा भार क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास ठेवावा. उलट, गरजेपेक्षा फार मोठे यंत्रही हितावह नाही. विशेषतः डिझेल जनित्र सतत अत्यल्प भारावर चालविल्यास इंधन पुरते जळत नाही आणि इंजिनात काजळी साठते.

वरील कुटुंबाला पंपासह सर्व काही चालवायचे तर सुमारे ५ केव्हीएचे जनित्र लागेल. पंप वगळल्यास २ केव्हीएमध्ये काम भागेल. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की वादळाची पूर्वसूचना मिळताच गच्चीवरील टाकी काठोकाठ भरून ठेवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी पंपाची गरजच पडत नाही. भरलेली टाकी ही एक प्रकारे साठवलेली वीजच आहे. गरजेची यादी नीट केल्याने यंत्राची किंमत अर्ध्यावर येऊ शकते, ती अशी.

पर्याय पहिला : इन्व्हर्टर आणि बॅटरी

शहरांतील बहुसंख्य घरांसाठी हाच पर्याय योग्य ठरतो. त्याला आवाज नाही, धूर नाही आणि वीज जाताच तो आपोआप सुरू होतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १,८०० वॉट-तास ऊर्जा साठविते. मात्र शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे तिला मानवत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दोन्ही वजा जाता हाती साधारण १,२०० वॉट-तास राहतात.

आपल्या उदाहरणातील ४२० वॉटचा भार त्यावर तीन तासांहून किंचित कमी वेळ चालेल. हेच तीन पंखे बदलून प्रत्येकी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे बसविले तर भार २८५ वॉटवर येतो आणि तीच बॅटरी चार तासांहून अधिक पुरते. दूरदर्शन संच बंद ठेवल्यास सहा तासांहून अधिक. बॅटरी वाढविण्यापूर्वी भार कमी करता येतो का, हे पाहण्यातच शहाणपण आहे. शिवाय अशा पंख्यांमुळे वीज असतानाही बिलात बचत होते.

इन्व्हर्टर घेताना ‘साइन वेव्ह’ प्रकारचाच घ्यावा. स्वस्त ‘स्क्वेअर वेव्ह’ इन्व्हर्टरवर पंखे घरघर करतात, मोटरी तापतात आणि नाजूक उपकरणांचे आयुष्य घटते. शिसे-आम्ल बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते, आणि ती भरत असताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून तिची जागा हवेशीर असावी. लिथियम प्रकारच्या बॅटरीची किंमत अधिक असली तरी ती लवकर भरते, अधिक खोलपर्यंत वापरता येते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. वीज दिवसातून अनेकदा जात असेल तर तिचा जादा खर्च भरून निघण्याची शक्यता अधिक.

पर्याय दुसरा : इंधनावरील जनित्र

खंड दीर्घ असेल, घर वस्तीपासून दूर असेल, किंवा घरात सतत चालणारे वैद्यकीय उपकरण असेल, तर जनित्राचा विचार करावा. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र साधारण ३५० वॉट घेते. वर उल्लेखिलेली बॅटरी त्याला साडेतीन तासही पुरणार नाही आणि चोवीस तासांसाठी तर आठ युनिटांहून अधिक वीज लागेल. अशा घरात इन्व्हर्टर आणि जनित्र ही जोडी असावी, आणि दोन्ही नादुरुस्त झाली तर हाती असावा म्हणून प्राणवायूचा भरलेला सिलिंडरही. रुग्णाच्या जीवाची भिस्त एकाच यंत्रावर ठेवू नये.

एक ते पाच केव्हीएची, हलविता येणारी पेट्रोल जनित्रे घरगुती वापरात अधिक दिसतात. ती किमतीने कमी आणि वजनाने हलकी असतात. मात्र दिवसभर सलग चालविण्यासाठी ती बनविलेली नसतात. त्यांतील ‘इन्व्हर्टर जनित्र’ हा प्रकार भारानुसार इंजिनाचा वेग बदलतो. त्याचा आवाज कमी, इंधनाचा खप कमी आणि विजेचा दाब स्थिर असल्याने संगणकासारख्या उपकरणांसाठी तो अधिक सुरक्षित. डिझेल जनित्र महाग आणि जड असते, पण दीर्घकाळ चालण्यास समर्थ. मोठे बंगले, दवाखाने आणि गृहनिर्माण संस्था यांसाठी ते योग्य. स्वयंपाकाच्या वायूवर चालणारी जनित्रेही मिळतात. परंतु स्वयंपाकासाठी दिलेला घरगुती सिलिंडर त्यांना जोडणे नियमबाह्य आहे आणि धोक्याचेही.

दीर्घ खंडात जनित्र अखंड चालविण्याची गरज नसते. सकाळी दोन आणि सायंकाळी दोन तास ते चालवावे. त्या वेळात फ्रीज गार होतो, मोबाइल भरतात आणि इन्व्हर्टरची बॅटरीही काही अंशी भरते. बॅटरी ताशी १५ अँपिअर प्रमाणे भरत असेल तर चार तासांत ६० अँपिअर-तास, म्हणजे घट धरून साधारण ५५० वॉट-तास जमा होतात. एक पंखा आणि दोन दिवे यांवर रात्रीचे पाच तास शांततेत निघू शकतात. मात्र काही इन्व्हर्टर जनित्राची किंचित अस्थिर वीज स्वीकारीत नाहीत. त्यांवरील कळ ‘यूपीएस’ऐवजी साध्या उपकरणांसाठीच्या स्थितीत ठेवली की बहुधा काम होते. ही चाचणी खरेदीच्या वेळीच करून घ्यावी. वादळाच्या रात्री नव्हे.

पर्याय तिसरा : सूर्यप्रकाश

येथे एका व्यापक गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. छतावर सौर पॅनेल बसविले की वीज गेल्यावरही घर उजळलेले राहील, असे पुष्कळांना वाटते. वीजजाळ्याला जोडलेली, बॅटरी नसलेली सौरयंत्रणा मात्र वीज जाताच भर उन्हातही बंद पडते. आणि तसे होणे हेतुपुरस्सर आहे. वीजवाहिनीवर दुरुस्तीसाठी चढलेल्या कर्मचाऱ्याला घराघरांतून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, हा त्यामागील उद्देश. वीज नसतानाही उपयोग हवा असेल तर बॅटरीसह ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिटे देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त घरगुती सौरयंत्रणेसाठी दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेसाठी एकूण ७८,००० रुपये असे केंद्रीय साहाय्य ठरविण्यात आले. खरेदीपूर्वी योजनेच्या चालू अटी पाहून घ्याव्यात आणि अंदाजपत्रकात बॅटरीचा खर्च स्वतंत्रपणे दाखविण्यास विक्रेत्याला सांगावे.

खर्चाचा ताळेबंद

यंत्राची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. पुढील आकडे बाजारभाव म्हणून दिलेले नाहीत. हिशेबाची रीत दाखविण्यापुरते ते धरले आहेत. दोन केव्हीएचे पेट्रोल जनित्र तासाला एक लिटर इंधन जाळून १.२ युनिट वीज देते आणि पेट्रोल लिटरमागे १०० रुपये आहे, असे समजा. एका युनिटचा केवळ इंधनखर्चच ८३ रुपये झाला.

बॅटरीचे गणित पाहू. १५,००० रुपयांची बॅटरी चार वर्षे टिकली आणि रोज एक युनिट याप्रमाणे वापरली, तर तिने १,४६० युनिटे दिली. युनिटमागे बॅटरीची झीज सुमारे १० रुपये. ती भरण्यासाठी लागलेल्या विजेचे, घट धरून, १२ रुपये मिळविले तर युनिट २२ रुपयांना पडले. रोज वीज जाणाऱ्या घरात बॅटरी स्वस्त ठरते, हे उघड आहे. परंतु वर्षातून दोनदाच वीज जात असेल, तर बॅटरी वापराविनाही म्हातारी होते आणि तिचे प्रतियुनिट गणित पार बदलते. ज्याने-त्याने आपले तास घालून हा हिशेब स्वतः मांडावा.

कर्ज काढून खरेदी करावयाची असल्यास मासिक हप्त्यासोबत इंधन, तेलबदल, बॅटरीची पुनर्खरेदी आणि जोडणीचा खर्चही विचारात घ्यावा. विक्रेत्याकडून पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : सततची व कमाल क्षमता, तीन-चतुर्थांश भारावरील इंधनाचा खप, हमीची मुदत व तिच्या अटी, जवळच्या दुरुस्ती केंद्राचा पत्ता, आणि जोडणीचा संपूर्ण खर्च.

न दिसणारा शत्रू

इंधनावरील प्रत्येक इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो आणि प्राणवायूची वाट अडवितो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे थकव्यासारखी वाटतात. झोपलेल्या माणसाला तर तीही जाणवत नाहीत.

पाऊस पडत आहे म्हणून जनित्र व्हरांड्यात, जिन्याखाली किंवा शटर अर्धे उघडे ठेवून दुकानात चालविले जाते. चोरीच्या भीतीने ते बाल्कनीत ठेवले जाते. या सर्व जागा प्राणघातक ठरू शकतात. खिडकी उघडी ठेवली किंवा पंखा लावला म्हणून हा धोका टळत नाही. जनित्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावे. पावसापासून रक्षणासाठी चारही बाजूंनी मोकळे छप्पर करावे. ज्याच्याकडे अशी जागा नाही, त्याने जनित्र घेऊच नये. सदनिकेतील रहिवाशासाठी इन्व्हर्टर हाच मार्ग. घरातील कोणाला चक्कर वा मळमळ जाणवू लागली, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

खांबावरील माणूस

वीज गेल्यावर भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत विस्मृत माणूस होय. त्याने वाहिनी बंद केलेली असते. तारेत वीज नाही, या विश्वासावर तो हात घालतो.

त्याच वेळी खालच्या वस्तीत कोणी गृहस्थ दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घेतो. एक टोक जनित्रात आणि दुसरे भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचतो. घर उजळते. परंतु ती वीज घरापुरती थांबत नाही. ती मीटरमधून बाहेर पडून रोहित्राकडे उलटी वाहते. जे रोहित्र एरवी ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती पातळीवर आणते, तेच आता उलट दिशेने घरगुती दाब हजारो व्होल्टपर्यंत चढविते. खांबावरच्या माणसाला त्याची कल्पनाही नसते. ‘मेन स्विच बंद केला होता’ हे उत्तर पुरेसे नाही. घाईत, अंधारात एखाद्या दिवशी तो बंद करायचा राहतो, आणि तेवढी एक चूक पुरते. शिवाय मुख्य पुरवठा अचानक परतला तर दोन विजा एकमेकींवर आदळून जनित्र जळते, घरालाही आग लागू शकते.

यावरील उपाय साधा आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याच्या रचनेमुळे घर एका वेळी एक तर वीजवाहिनीला किंवा जनित्राला जोडलेले असते. दोन्हींना कदापि नाही. जनित्राचे अर्थिंगही त्याच वेळी करून घ्यावे. एवढा खर्च करण्याची तयारी नसेल, तर उपकरणे एक्स्टेन्शन बोर्डाने थेट जनित्रालाच जोडावीत आणि घराच्या वायरिंगला हात लावू नये. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा स्विच अल्पमोलाचा. पण अनोळखी घरातील एक कर्ता माणूस त्यावर सुखरूप परततो.

इंधन, आवाज आणि शेजारधर्म

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. कायदा मुभा देतो म्हणून तेवढे घरात ठेवावे, असे नव्हे. लागेल तेवढेच इंधन योग्य धातूच्या डब्यात, राहत्या खोल्यांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. जनित्र बंद करून पुरते निवल्याशिवाय त्यात इंधन भरू नये. वीज नसताना पेट्रोल पंपही बंद पडू शकतो, हे ध्यानात ठेवून वादळाच्या इशाऱ्यानंतर लगेच तजवीज करावी.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २००५ पासून तयार होणाऱ्या डिझेल जनित्रांना ध्वनिरोधक आवरण बंधनकारक असून एक मीटर अंतरावर त्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो. दिल्ली व परिसरात हवेची प्रत खालावली की डिझेल जनित्रांच्या वापरावर निर्बंध येतात. तेथील रहिवाशांनी खरेदीपूर्वी लागू असलेले आदेश पाहावेत. गृहनिर्माण संस्थेत प्रत्येकाने स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजी लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी एकच सामायिक जनित्र घेणे आवाज, धूर आणि खर्च या तिन्ही दृष्टींनी श्रेयस्कर.

देखभाल

वर्षभर कोपऱ्यात पडलेले जनित्र नेमके हवे तेव्हा सुरू होत नाही. टाकीत राहिलेले पेट्रोल काही महिन्यांत चिकट होते आणि कार्ब्युरेटर तुंबवते. म्हणून महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे काही भार देऊन ते चालवावे. दीर्घकाळ वापर नसेल तर इंधन काढून ठेवावे. तेलाची पातळी प्रत्येक वेळी पाहावी. यंत्र सुरू करणे, चेंजओव्हर स्विच फिरविणे आणि बंद करणे, हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून जवळ लावावा आणि घरातील किमान दोन व्यक्तींना शिकवावा. घरचा कर्ता गावी गेलेला असतानाही वीज जाऊ शकते.

समारोप

अडीनडीसाठी गाठीला बांधलेली रक्कम आणि घरातील पर्यायी वीज यांचे नाते जवळचे आहे. दोन्हींचा उपयोग क्वचित होतो, आणि होतो तेव्हा त्यांचे मोल पैशात सांगता येत नाही. परंतु रक्कम किती असावी हे जसे कुटुंबाच्या गरजेवरून ठरते, तसेच यंत्राचेही. बहुतेकांना एक चांगला इन्व्हर्टर आणि भरलेली पाण्याची टाकी पुरेल. काहींना जनित्र लागेलच. त्यांनी ते मोकळ्या जागी ठेवावे, योग्य स्विचमार्गे जोडावे आणि मगच निश्चिंत व्हावे. आपल्या घरातला उजेड दुसऱ्याच्या घरातील दिवा विझवून आलेला नसावा, एवढे पथ्य प्रत्येकाने पाळलेच पाहिजे.

उजळणीसाठी प्रश्न

१. गेल्या दोन वर्षांत आपल्या घरी वीज एका वेळी जास्तीत जास्त किती तास खंडित झाली?
२. थांबून चालणार नाहीत अशा उपकरणांचा एकूण भार किती? त्यांत मोटर असलेली कोणती?
३. २.५ केव्हीएचे जनित्र किती वॉट देईल? ते ४२० वॉटचा इतर भार चालू असताना एक अश्वशक्तीचा पंप सुरू करू शकेल काय?
४. जनित्रासाठी घराबाहेर, खिडक्यांपासून २० फूट दूर, मोकळी जागा आहे काय?
५. चेंजओव्हर स्विचने दोन्ही तारा एकत्र तुटतात, याची खात्री कोणी आणि केव्हा केली?

(तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : २,००० वॉट. पंप सुरू होताना एकूण मागणी सुमारे ३,४२० वॉट वा अधिक होईल, म्हणून नाही.)